काळ्या कुत्र्याचे दहा दिवस

गल्लीतल्या कुत्र्यांचा बंदोबस्त आपणच करायचा, हे मी पोरीचा फ्रॉक फाटला त्याच संध्याकाळी ठरवून टाकलं. मी ठरवलं की करते. माहेरी मला तोंडाळ म्हणायचे, सासरी कर्ती म्हणतात. बाई तीच आहे, फक्त घर बदललं.

बजाजनगरात आमचं रो-हाऊस आहे. नवरा वाळूजच्या एका कंपनीत आणि मी दुसऱ्या. मी तपासणीला असते. लाईनवरून आलेला एकेक नग हातात घ्यायचा, फिरवून बघायचा, तक्त्यावर खूण करायची आणि कुठं चरा दिसला की लाल स्टिकर लावून बाजूला ठेवायचा. बारा वर्षं हेच करतेय. घरात तिसरीतली पोरगी, आम्ही दोघं आणि माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्या म्हणते, आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. त्यांचं आयुष्य शेंद्र्याकडं शेतात गेलं. जमीन एमआयडीसीत गेली, मागोमाग सासरेही गेले, तशा त्या आमच्याकडं राहायला आल्या. बाई कष्टाळू, मोजकं बोलणारी. चार शब्दांत होणाऱ्या कामाला पाचवा शब्द खर्च करणार नाही. मी चाळीस करते, म्हणून आमचं जमतं.

गल्लीच्या तोंडाशी चिकनचं दुकान. तिथं पाच-सहा कुत्री कायम पडलेली असायची. त्यातलं काळं सगळ्यांचा म्होरक्या. हातात पिशवी दिसली की मागं लागायचं. पोरगी शाळेतून येत होती, डब्याची पिशवी हातात. त्यानं पिशवी धरली, पोरगी पळाली, आणि त्याच्या दातात फ्रॉकचा घेर आला. दात अंगाला लागला नाही, मी ट्यूबलाईटखाली उभी करून इंच न् इंच तपासलं. पण पोरगी त्यानंतर दोन दिवस दाराबाहेर पडेना. तिचा तो पांढराफटक चेहरा बघून माझं डोकंच सणकलं.

आधी पोरीला शिकवलं. कुत्रं अंगावर आलं की पळायचं नाही. पिशवी टाकून द्यायची, हात अंगाला चिकटवायचे, त्याच्या डोळ्यात बघायचं नाही, खांबासारखं उभं राहायचं. हॉलमध्ये रोज संध्याकाळी सराव. नवऱ्याला कुत्रं केलं. बिचारा कंपनीतून दमून आलेला, तरी गुडघ्यावर येऊन भुंकायचा. एकदा तर इतका मनापासून भुंकला की आत्या स्वयंपाकघरातून लाटणं घेऊन आल्या. आठवड्याभरात पोरगी दप्तर घेऊन एकटी गल्लीतून जाऊ लागली. मी गेटमध्ये उभी राहून बघायचे आणि मनातल्या मनात स्वतःच्या पाठीवर थाप मारायचे.

मग चिकनवाला. त्याला दोनदा प्रेमानं सांगितलं की बाबा, कोंबड्यांची घाण उघड्यावर टाकू नको. तो हो हो म्हणाला. तिसऱ्या वेळी मी रविवारी सकाळी ऐन गर्दीत त्याच्या दुकानासमोर जाऊन उभी राहिले आणि प्रत्येक गिऱ्हाईकाला मागचं उघडं पिंप दाखवायला लागले. पुढच्या रविवारी झाकणाचं पिंप आलं. गल्लीतले बाकीचे लोक काय करत होते म्हणाल, तर गेटाला लाल आणि निळ्या पाण्याच्या बाटल्या टांगत होते. निळं पाणी बघून कुत्रं पळतं म्हणे. नळाच्या पाण्याची इथं मारामार आणि हे कुत्र्यांसाठी बाटल्या भरून ठेवतायत. नवऱ्यानं आमच्याही गेटाला एक टांगली, तर काळं तिच्यावरच पाय वर करून गेलं, तेव्हापासून मी त्या उपायाचं नाव काढू दिलं नाही.

खरी लढाई पुढंच होती. कुत्री धरून नेऊन त्यांचं नसबंदीचं ऑपरेशन करतात, लस देतात आणि परत आणून सोडतात, अशी एका संस्थेची गाडी येते असं कळलं. ग्रामपंचायतीत अर्ज दिला की ते गाडीला कळवतात. मी अर्ज लिहिला आणि सह्यांसाठी घरोघर फिरले. सगळे सही करायला तयार, पण प्रत्येकाची एकच अट, काळ्याला सोडून.

मला आधी कळेचना. मग समोरच्या काकूंनी समजावलं. त्यांचे यजमान तहसीलमध्ये कारकून होते, निवृत्त झाले, त्यामुळं काकूंचं बोलणं कागदावर उतरवून घ्यावं इतकं स्वच्छ. त्या म्हणाल्या, "अहो, माझ्या धाकट्याची साडेसाती चालू आहे. दर शनिवारी काळ्या कुत्र्याला तेल लावलेली पोळी घालायला सांगितलीय. आणि अंगावर एकही पांढरा केस नसलेलं कुत्रं ह्या भागात हे एवढंच आहे. नेलेलं परत इथंच आणतील ह्याचा काय भरवसा? बाकीच्यांना खुशाल न्या."

गल्लीत साडेसाती असलेली सात घरं निघाली. सात घरांचा शनी एकट्या कुत्र्याच्या गळ्यात. शनिवारी सकाळी त्याच्यापुढं पोळ्यांची चळत लागायची. दुपारपर्यंत ते नुसतं हुंगायचं आणि तोंड फिरवायचं. रविवार उजाडला की कुणी विचारायचं नाही. मग पिशवी घेऊन जाणारा प्रत्येक माणूस आपल्यासाठीच पोळी आणतोय असं त्याला वाटलं तर नवल नाही. शनिवारी देव आणि उरलेले सहा दिवस दरोडेखोर. मी काकूंना म्हटलं, ह्या कुत्र्याला तुम्हीच बिघडवलंय. त्या म्हणाल्या, असेल, पण तेवढं अडीच वर्षं थांबा. शेवटी जेवढ्या सह्या मिळाल्या तेवढ्यांवर मी अर्ज दिला आणि त्यात काळ्याचं वर्णन पहिल्या नंबरला घातलं.

आणि इकडं माझ्याच घरात आठवं घर निघालं. नवऱ्याच्या कंपनीत त्याची लाईन बंद होणार अशी बोलवा उठली होती. आत्यांनी कुणाला तरी पत्रिका दाखवली आणि अकरा शनिवार बोलल्या. पहिल्या शनिवारी मी पाहिलं तेव्हा त्या पोळीला तेल चोळत बसल्या होत्या. ज्या कुत्र्यानं नातीचा फ्रॉक फाडला, त्यालाच आजीचा नैवेद्य. त्यावरून घरात चांगलंच वाजलं. अर्थात मीच वाजवलं. आत्या ऐकत ऐकत तेल चोळतच होत्या. पुढचे शनिवार त्या मी पहिल्या शिफ्टला गेल्यावर पोळी घालायला लागल्या. मला माहीत होतं. मी न बघितल्यासारखं केलं, कारण पोराच्या नोकरीसाठी आईनं केलेल्या गोष्टीला किती नाही म्हणायचं.

असे आठ शनिवार गेले. नवव्यानंतरच्या बुधवारी मी कंपनीतून आले, पोरीला डाळ-भात वाढत होते. आज भाजीला काय, म्हणून तिनं तोंड वाकडं केलं. मी म्हटलं, चटणी घे. ती म्हणाली, "चटणी आजीनं संपवली. पायाला लावली."

मी डाव पातेल्यात टाकून तशीच उठले. आत्या बाहेरच्या पायरीवर बसल्या होत्या. मी जाऊन त्यांच्या लुगड्याचा काठ सरळ वर केला. विचारत बसले असते तर त्यांनी काही नाही म्हणूनच सांगितलं असतं. डाव्या पायाच्या पोटरीखाली चार दात. दोन खोल. वरून लाल तिखट आणि तेल थापलेलं, कडा सुजलेल्या. जुन्या धोतराची चिंधी बांधली होती, ती सुद्धा तिखटानं लाल झाली होती.

"कधी?"

"शनवारी."

"त्या काळ्यानं?"

"व्हय. पोळी घालताना जरा धरलं. काय नाय झालेलं. आमच्याकडं तिखटच लावत्यात."

चार दिवस. मी त्या पायाकडं बघत राहिले आणि मला भीती वाटली. मला सहसा वाटत नाही. माझ्या माहेरच्या गावात कुत्रं चावलेला एक माणूस मी लहानपणी पाहिलाय. त्यानंही असंच काहीतरी बांधलं होतं आणि कुणाकडून तरी मंत्र टाकून घेतला होता. नंतर बऱ्याच दिवसांनी ते उलटलं. पाण्याचा तांब्या समोर आणला की त्याचा घसा आवळायचा. आवाज गल्लीभर ऐकू यायचा. आईनं आम्हाला घरात ओढून दार लावून घेतलं होतं. एकदा ते उलटलं की जगातला कुठला डॉक्टर काही करू शकत नाही, हे मला तेव्हापासून पक्कं ठाऊक आहे.

मी त्यांचा पाय मोरीत नळाखाली धरला आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटं साबणानं धुतला. त्या एका शब्दानं कण्हल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "नवस मोडंल. दोनच शनवार राह्यलेत." मी म्हटलं, "नवस गेला खड्ड्यात, गाडीवर बसा."

शहरातल्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते. त्यांनी जखम पाहिली, तिखटाचं ऐकून कपाळाला हात लावला, मग जखमेत औषध भरलं आणि दोन्ही दंडांना लस दिली. आज पहिली, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. मग विचारलं, "कुत्रं ओळखीचं आहे का? समोर दिसतं का?"

मी म्हटलं, दिसतं ना. चांगलंच ओळखीचं आहे.

"मग चावल्यापासून दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवा. चावलं तेव्हा त्याच्या लाळेत आजार असेल, तर ते दहा दिवसांत आजारी पडेल किंवा मरेल. दहा दिवसांनंतरही ठणठणीत असलं तर आजींना त्याच्यापासून धोका नाही. उशीर झालाय म्हणून सांगतो, कुत्रं मेलं किंवा गायब झालं तर लगेच या. आणि काही झालं तरी लस चुकवायची नाही."

येताना गाडीवर मी हिशेब लावला. शनिवारपासून दहावा दिवस म्हणजे पुढचा मंगळवार. इतके महिने मी ज्या कुत्र्याला त्या गाडीत घालायला झटत होते, ते मंगळवारपर्यंत माझ्या डोळ्यांसमोर जिवंत राहायला पाहिजे होतं. मला हसू पण येईना आणि रडू पण येईना.

घरी आले तर गल्ली जमलेली. बातमी पोरीनं पसरवली होती. माझा नवरा आणि शेजारचे दोघं पोतं आणि दोरी घेऊन उभे. शेजाऱ्याचा टेम्पो चालू. कुत्र्याला पोत्यात घालून पार करमाडच्या पुढं सोडून येणार होते. नवरा लालबुंद झाला होता. त्याच्या आईला चावलं होतं, त्याचंही बरोबर होतं. मी टेम्पोची चावीच काढून घेतली.

"कुत्र्याला कुणी हात लावायचा नाही," मी म्हटलं.

सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले. शेजारी म्हणाला, "वहिनी, तुम्हीच तर अर्ज केला ना." मी म्हटलं, "केला. आता मंगळवारपर्यंत तेच कुत्रं माझ्या सासूचा दाखला आहे." मग डॉक्टर काय म्हणाले ते सगळ्यांना सांगितलं, दोनदा, कारण पहिल्यांदा कुणाच्या डोक्यात शिरलं नाही. टेम्पो बंद झाला.

रात्रीच्या आधी मी तक्ता आखला. कंपनीत नगाचा आखतो तसाच. वर वार, डावीकडं सकाळ, दुपार, संध्याकाळ. खाल्लं का, पाणी प्यालं का, चाल सरळ आहे का, भुंकण्याचा आवाज नेहमीचा आहे का, तोंडातून लाळ गळते का. सकाळ माझी, संध्याकाळ पोरगी आणि मी मिळून, खिडकीतूनच. दुपारी मी कंपनीत, तेव्हा समोरच्या काकूंना गळ घातली. त्यांनी मान्य केलं, साडेसातीपायी त्यांनाही ते कुत्रं हवंच होतं. पहिल्याच दुपारी त्यांनी तक्त्यात लिहिलं, 'श्वान सावलीत विश्रांती घेत आहे. प्रकृती उत्तम वाटते.' मी म्हटलं, काकू, नुसती बरोबरची खूण करा.

गुरुवारी सकाळी त्यानं भाकरी खाल्ली पण पाण्याला तोंड लावलं नाही. मी कंपनीत दिवसभर नग हातात घेत होते आणि मला पाण्याचं पातेलंच दिसत होतं. दुपारी काकूंचा फोन आला, चिकनवाल्याच्या दारातल्या डबक्यात पोटभर प्यालं. मी वॉशरूममध्ये जाऊन दोन मिनिटं रडले, तोंड धुतलं आणि परत लाईनवर उभी राहिले.

शुक्रवारी ते दिसेचना. सकाळी पिंपापाशी नाही, काकूंच्या ओट्याखाली नाही, ट्रान्सफॉर्मरच्या मागं नाही. मी शिफ्टला फोन करून सुट्टी टाकली. डोक्याला स्कार्फ बांधला, हातात प्लॅस्टिकची पिशवी घेतली आणि ती खुळखुळवत चार गल्ल्या फिरले. ज्या पिशवीच्या आवाजापासून पोरीला वाचवत होते, तीच पिशवी वाजवत फिरत होते. मला बघून लोक दार उघडून विचारायचे, ताई, काय हरवलं? कुत्रं, मी म्हणायचे. कुठल्या जातीचं? आमच्या गल्लीचं, मी म्हणायचे.

अकरा वाजता मंगल कार्यालयाच्या मागच्या बाजूला सापडलं. आदल्या दिवशीच्या लग्नाचं उरलंसुरलं तिथं टाकलं होतं आणि हे महाराज बुंदीत नाक घालून उभे होते. मी पिशवी वाजवली तसं माझ्याकडं बघून गुरगुरलं. ती गुरगुर ऐकून मला जो आनंद झाला, तो मी सांगूच शकत नाही. आवाज अगदी नेहमीचा. मी तिथंच उभी राहून मोबाईलमधल्या तक्त्याच्या फोटोवर खूण केली. मग भाकरीचे तुकडे टाकत टाकत, चांगलं अंतर ठेवून, त्याला गल्लीपर्यंत आणलं.

शनिवारी दुसरी लस. आत्यांनी सकाळी माझ्याकडं नुसतं बघितलं. मी म्हटलं, पोळी मी घालते, तुम्ही गेटच्या आतून हात जोडा. लांब दांड्याच्या उलथन्यावर पोळी ठेवून मी ती गेटाखालून सरकवली. काकू समोरून म्हणाल्या, पोळी ज्याच्या त्याच्या हातानंच घालायची असते. मी म्हटलं, शनीला माझ्या नावानं काय करायचं ते करू द्या. आत्या हसल्या. आठवड्यात पहिल्यांदा हसल्या.

आता कहर ऐका. सोमवारी सकाळी मी कंपनीला निघतच होते, तर गाडी आली. इतके दिवस ज्या गाडीसाठी मी ग्रामपंचायतीच्या पायऱ्या झिजवल्या, ती नेमकी नवव्या दिवशी दारात. जाळी घेतलेली दोन पोरं उतरली आणि त्यातल्या एकानं खिशातून कागद काढून वाचला. पहिल्या नंबरला, पूर्ण काळं, शेपटी झुपकेदार, अत्यंत आक्रमक.

मी त्याच्या आणि कुत्र्याच्या मधे जाऊन उभी राहिले. "हे नाही."

"ताई, अर्जावर हेच पहिलं आहे."

"अर्ज माझाच आहे."

त्यानं कागद पाहिला, मला पाहिलं, परत कागद पाहिला. समोरच्या ओट्यावर काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी त्याला तक्ता आणून दाखवला. नऊ दिवसांचे रकाने, सुरुवातीचे चार रिकामे, पुढं खुणाच खुणा. पोरगा बरा होता, शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, "आम्ही नेलं तरी लक्ष ठेवतो की." मी म्हटलं, ठेवत असाल, पण माझी सासू इथं आहे, कुत्रं पण इथंच पाहिजे. बुधवारी या, मी स्वतः धरून देते. बाकीची चार त्यांनी नेली. काळं ट्रान्सफॉर्मरच्या मागून सगळं बघत होतं. गाडी गेल्यावर आरामात बाहेर आलं आणि आमच्या गेटासमोर पसरलं.

मंगळवारी, दहाव्या दिवशी, मी उजाडायच्या आत गेटात खुर्ची टाकून बसले. त्यानं आळस दिला, अंग झाडलं, चिकनवाल्याच्या डबक्यात पाणी प्यालं, पेपरवाल्याच्या मागं कोपऱ्यापर्यंत भुंकत गेलं आणि आल्यावर अख्खी भाकरी खाल्ली. मी शेवटच्या रकान्यात खूण केली. घरात जाऊन आत्यांना सांगितलं, "सुटलात." त्या म्हणाल्या, "तू सुटलीस. मला काय झालंच नव्हतं." पण त्यांनी देवापुढं दोन उदबत्त्या जास्त लावलेल्या मी पाहिल्या. नवऱ्यानं त्या दिवशी काही न बोलता सगळी भांडी घासली.

बुधवारी सकाळी गाडीवाल्यांना कुत्रं मिळालं, पोरीनं हात हलवून त्याला निरोप दिला, आणि मी आत्यांना घेऊन तिसऱ्या लसीला गेले. माझा ऊर भरून आला होता. घरातल्या सगळ्यांना मी ह्यातून सुखरूप बाहेर काढलं, असंच मला वाटत होतं आणि ते लपवायचा मी काही प्रयत्न करत नव्हते. रांगेत मी शेजारच्या बाईला कुत्रं चावल्यावर काय करायचं ह्यावर व्याख्यान दिलं.

सिस्टरनं आत्यांचा कागद पाहिला. "आजी, शनिवारी चावलं आणि पहिली लस बुधवारी? इतका उशीर का केला?"

आत्या दंड उघडा करत म्हणाल्या, "सूनबाईनं सांगून ठेवलं व्हतं. कुत्र्यानं धरलं तर माझ्याकडं रडत यायचं नाय, मी दवाखान्यात न्यायची नाय."

सिस्टरनं माझ्याकडं पाहिलं. "ही का सूनबाई?"

"हीच. लई चांगली हाय. पण भ्या वाटतं तिचं."

त्यांनी ते तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. जेवण झालं का विचारल्यावर सांगावं तसं साधं सांगितलं. सिस्टरनं सुई टोचली, कापूस दाबला आणि पुढच्या माणसाला बोलावलं. मी तिथंच उभी. मला ते वाक्य आठवत नव्हतं. तेलाच्या पोळीवरून भांडले त्या दिवशी म्हटलं असणार. मी रागात काय काय म्हणते ते मला कुठं आठवतं. आत्या चार दिवस त्या पायावर तिखट थापून, सुजलेला पाय लुगड्याखाली झाकून, माझ्यासमोर भाकरी थापत होत्या. कुत्र्याला भिऊन नाही. नवस मोडेल म्हणून सुद्धा नाही. मला भिऊन.

बाहेर येऊन मी गाडी काढली. आत्या मागं बसल्या. थोडं पुढं गेल्यावर, वाऱ्यात तोंड तिरकं करून मी म्हटलं, "आत्या, माझं चुकलं. मी असं म्हणायला नको होतं."

"चुकलं तर चुकलं. तुझ्या पोटात काय नसतं."

"पोटात नसलं तरी तोंडात होतं ना. मला माफ करा."

सिग्नलला गाडी थांबली. मग त्यांचा आवाज माझ्या कानाजवळ आला. "मग अजून एक सांगू का? रागावणार नसलीस तर."

"सांगा."

"त्या कुत्र्याची काय चूक नव्हती. ते पायरीखाली निजलं व्हतं. माझाच पाय पडला त्याच्यावर. मला ह्या डाव्या डोळ्यानं दिसत नाय."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून आसंल. आधी धुकं यायचं, आता सगळंच गेलंया."

दिवाळीला सहा महिने झाले होते. मागचे गाडीवाले हॉर्न वाजवायला लागले, सिग्नल सुटला होता. मी घराकडं, नगर नाक्याला न वळता गाडी शहरात औरंगपुऱ्याकडं घातली.

"हिकडं कुठं?" त्या म्हणाल्या.

"डोळ्यांच्या दवाखान्यात."

"आज? तुझी कंपनी?"

"आजच."

पुढच्या चौकात त्यांनी हळूच विचारलं, "रागावलीस का गं?"

मी म्हटलं, नाही. गाड्यांच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं की नाही कळेना, म्हणून मी गाडी रस्त्याच्या कडेला उभी केली, उतरले, आणि त्यांच्या उजव्या बाजूला येऊन पुन्हा एकदा सांगितलं, नाही रागावले.